उंच फळीवरून दिसलेल्या व्हर्ना कोच

मी उडीची फळी बोलतेय. पाण्यावर पुढे झुकलेली, ॲल्युमिनियमची, अंगावर खरखरीत लेप दिलेली. माझ्या टोकाशी उभं राहिलं की तळाच्या निळ्या फरशा दिसतात आणि भलेभले दोन पावलं मागे सरतात. दिसायला मी काही फार देखणी नाही, पण माझ्यावर उभं राहून कुणाला खोटं बोलता येत नाही. थरथरणारे गुडघे मला लगेच कळतात.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून ट्रकमध्ये आडवी पडून मी अमेरिकेत मिनेसोटातल्या एका लहान गावातल्या कॉलेजात आले तेव्हा बाहेर बर्फ गुडघाभर होतं आणि आत पोहण्याच्या तलावावर वाफ तरंगत होती. मला उंच चौथऱ्यावर बसवलं. शेजारी खाली माझी धाकटी बहीण, बुटकी फळी. तिच्यावरून सगळे शिकायचे आणि मग भीत भीत माझ्याकडे यायचे.

त्या वेळी तलाव रूडी हॅलस्टेडचा होता. म्हणजे कॉलेजचाच, पण चालायचं रूडीचं. मोठा आवाज, मोठं पोट, हातात कायम कॉफी. मुलांच्या संघाचा तो कोच, आणि मुलं त्याच्यासाठी जीव टाकत. मुलींचा संघ नव्हताच.

मग देशात कायदा झाला, मुलींनाही मुलांइतकीच खेळायची संधी मिळाली पाहिजे म्हणून. कॉलेजने शोधाशोध केली आणि व्यायाम शिकवणाऱ्या व्हर्ना टॉलेफसनबाईंना म्हटलं, संघ काढा. व्हर्ना शेतकऱ्याची मुलगी, खांदे रुंद, बोलणं कमी. लहानपणापासून गावामागच्या तळ्यात पोहलेली. तलाव मोकळा असायचा तो फक्त पहाटे. काळोखात, गोठलेल्या केसांनी मुली यायच्या आणि व्हर्नाबाई सगळ्यांच्या आधी येऊन दिवे लावायच्या.

"पोरींनी पोहायचं ते उन्हाळ्यात," रूडी हसत म्हणायचा. "हिवाळ्यात त्यांना सर्दी होते."

"तुम्हाला झालीय वाटतं, मिस्टर हॅलस्टेड," बाई म्हणायच्या. "सकाळपासून शिंकताय."

पोहणं बाईंना येत होतं. उड्या येत नव्हत्या. वेगळा कोच ठेवायला कॉलेज तयार नव्हतं, आणि दोन मुली तर उडीसाठीच आलेल्या. एका सकाळी बाई स्वतःच शिडी चढून आल्या. त्यांचे तळवे थंडगार आणि ठाम होते, पण गुडघ्यांचं मी आधीच सांगितलं. त्यांनी उडी मारली ती थेट पोटावर. आवाज असा झाला की छताखालच्या तुळईवरची चिमणी उडाली. वर आल्या तेव्हा मुली तोंडावर हात धरून उभ्या.

"हसा," बाई म्हणाल्या. "आणि सांगा, चुकलं कुठं?"

"तुम्ही खाली बघितलंत," एक म्हणाली.

"मग आता नाही बघणार."

पुन्हा चढल्या. पुन्हा आपटल्या. तो सगळा हिवाळा त्या माझ्याशी झगडल्या. उत्तम उडी त्यांना कधीच जमली नाही, पण आपटण्याचे जितके प्रकार आहेत ते सगळे त्यांनी अंगावर घेतले. त्यामुळे पुढे कुणीही चुकलं की नेमकं कुठं, ते त्यांना बघताक्षणी कळायचं.

अशी काही वर्षं गेली. मग स्पर्धांच्या ऐन हंगामात, ख्रिसमसची सुट्टी संपल्या संपल्या, रूडीला हृदयविकाराचा झटका आला. तो वाचला, पण डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केली. कॉलेजचे डीन, फॉस म्हणून एक सद्गृहस्थ होते. ते तलावावर आले, ओल्या फरशीवर बूट सांभाळत उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत मिस टॉलेफसन तुम्हाला शिकवतील."

मग कर्टिस बोरेनने टॉवेल उचलला. कर्टिस म्हणजे माझ्यावरून उडणाऱ्यांतला सर्वात गुणी मुलगा. हलके पाय, आणि नाकावर राग.

"मी रूडीचा गडी आहे," तो म्हणाला. "बाईच्या हाताखाली नाही उडणार."

"दार उघडंच आहे," व्हर्नाबाई म्हणाल्या. "जायलाही आणि यायलाही."

तो गेला. पण पाण्याची ओढ अशी सुटत नाही. काही दिवसांनी दुपारी तो एकटाच आला आणि कुणाकडे न बघता शिडी चढला. मुलांचा सराव संपला होता, आणि बाई तलावाच्या पलीकडच्या टोकाला काही मुलींचा जादा सराव घेत होत्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हवेत अंग गोळा करून गिरक्या घेताना उडी मारणाऱ्याला छत कुठलं आणि पाणी कुठलं ते कळत नाही. अवघड उडी बसवताना खालून कोच ओरडतो, "सोड!" आणि तो अंग उघडतो. कर्टिसची ती नवी उडी रूडीच्या आवाजावर बसत आली होती. आता आवाज नव्हता. पहिल्या उडीत तो उशिरा उघडला आणि पाठीवर आपटला. वर आला तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. पुन्हा चढला. माझ्या टोकाशी येऊन बराच वेळ थांबला. मला त्याची भीती पायांतून कळत होती. थांब रे बाळा, असं मला म्हणायचं होतं, पण मला फक्त वाकता येतं आणि उसळता येतं. त्याने मला दाबलं. मी त्याला होतं नव्हतं तेवढं बळ लावून वर फेकलं.

"सोड!"

आवाज तलावाच्या त्या टोकाकडून आला. कर्टिसने विचार करायच्या आत त्याच्या अंगाने ऐकलं. तो सुरीसारखा पाण्यात गेला. बाहेर येऊन पाहतो तर बाईंची नजर पुन्हा मुलींवर. "कोपर वर, जोलीन! झोपली आहेस का?"

तो निथळत, अख्ख्या तलावाला वळसा घालून त्यांच्यापाशी गेला.

"तुम्हाला कसं कळलं कधी ओरडायचं?"

"तुझ्याकडे बघत होते."

"तुम्ही तर इकडे बघत होतात."

"दोन्हीकडे बघत होते. पाठ दाखव."

त्याने दाखवली.

"लाल झालीय चांगलीच. आज पुरे. घरी जा, गरम काहीतरी खा."

तो जायला वळला, मग थांबला. "उद्या कधी येऊ... कोच?"

तोवर मुलं त्यांना 'मिस टॉलेफसन' म्हणत. बाईंनी बाकावरचा टॉवेल त्याच्याकडे फेकला. "मुलींबरोबर ये. पहाटे."

"पहाटे?" कर्टिस कळवळला.

"मुली येतात," बाई म्हणाल्या, आणि पाण्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला, डोळे चोळत. आठवडाभरात बाकीची मुलंही त्या वेळेला आली. एकाच तलावात, एकाच वेळी, मुलगे आणि मुली. पहिले दिवस नुसती धक्काबुक्की आणि टोमणे. मग कुणीतरी डोनटचा खोका आणला आणि सगळे एकाच बाकावर बसून खाऊ लागले.

हंगामाची शेवटची स्पर्धा आमच्याच तलावावर झाली. मुलांचा संघ जिंकला नाही, पण शेवटचा येईल असं सगळे म्हणत होते, तो मधल्या जागी टिकला. कर्टिसने ती उडी घेतली. स्पर्धेत कोचला ओरडता येत नाही. बाई ओठ मिटून, मुठी आवळून उभ्या होत्या. त्याचं त्यानेच वेळेवर सोडलं. उड्यांच्या स्पर्धेत तो पहिला आला.

गॅलरीत जाड कोट घालून रूडी बसला होता. डॉक्टरांना न सांगता आलेला. गर्दी ओसरल्यावर तो हळूहळू खाली आला.

"माझी पोरं बिघडवलीस तू, व्हर्ना," तो म्हणाला. "नीट पोहायला लागलीत."

पहिल्यांदाच 'तू' आणि 'व्हर्ना'. मग तो डीनकडे वळला. "मी परत येणार नाही. दोन्ही संघ हिला द्या."

डीन चुळबुळले. "पण मुलं पुढेही ऐकतील का?"

"त्यांनाच विचारा की."

डीनना विचारावं लागलं नाही. मुलांनी आणि मुलींनी मिळून व्हर्नाबाईंना कपड्यांसकट उचललं आणि पाण्यात टाकलं. आमच्याकडे लाडक्या कोचला असंच करतात. बूट तरंगत होते, बाई पोट धरून हसत होत्या, आणि त्या फवाऱ्यात डीनसाहेबही भिजले.

पुढची कितीतरी वर्षं दोन्ही संघ त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मुलांचे आवाज बदलले, पोहायच्या कपड्यांचे रंग बदलले, बाईंचे केस पांढरे झाले. रूडी जगला तोवर गॅलरीत येऊन चुका काढत राहिला. जिंकलेल्या ढाली फार नाहीत. पण माझ्यावरून रडत खाली उतरलेलं पोर दुसऱ्या दिवशी परत आलं नाही, असं क्वचितच झालं.

बाई निवृत्त झाल्या. काही काळाने माझा लेप झिजला आणि कॉलेजने नवी फळी आणली. मला वाटलं, आता भंगार. पण गावाने मला मागून घेतलं, नवा लेप दिला आणि मोकळ्या आभाळाखालच्या तलावावर बसवलं. हिवाळाभर मी बर्फाखाली झोपते. जूनमध्ये पोरं उठवतात.

बाई इथेही येतात. सकाळी त्या चर्चमधल्या म्हाताऱ्यांना पोहायला शिकवतात. त्यांतल्या आर्डिसबाईंनी सगळा जन्म गाई सांभाळल्या, नवरा गेल्यावर पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं. गेल्या उन्हाळ्यात त्या माझी शिडी चढल्या. मागे पोरांची रांग.

"आजी, उतरा ना, आमचा नंबर कधी?" एकजण ओरडला.

"कसा ओरडतोस ते तुझ्या आजीला सांगू का मी? गप उभा राहा!" आर्डिसबाईंनी सुनावलं. पण माझ्या टोकाशी येऊन त्या थिजल्या. पायांची बोटं मला घट्ट धरून होती.

"व्हर्ना, मला नाही वाटत जमेल."

"मग उतर खाली," बाई पाण्यातून म्हणाल्या. "उद्या चढ. मी इथंच आहे."

आर्डिसबाईंनी एकदा शिडीकडे पाहिलं. मग नाक धरलं आणि सरळ पाऊल पुढे टाकलं. पाणी उडालं ते कुंपणापर्यंत. वर आल्या तेव्हा टोपी एकीकडे, हसू दुसरीकडे. रांगेतली पोरं ओरडून टाळ्या वाजवत होती.

"सरका," त्या काठाला येत म्हणाल्या. "मी पुन्हा जातेय."

माणसांनो, माझं एवढंच मागणं. कुणी माझ्या टोकाशी येऊन थांबलं, तर खालून हसू नका. जरा जागा करून द्या आणि वाट बघा. आता मात्र बोलणं पुरे. शिडी हलतेय, आर्डिसबाई वर येताहेत.