खाचांच्या फळीवरचे उसने संकल्प

मी एक जुनी खाचांची फळी आहे, मित्रांनो, आणि माणसांच्या संकल्पांविषयी माझे मत फार वाईट आहे.

जर्मन शिकवणाऱ्या बाईंच्या सुतार भावाने पुस्तकांच्या कपाटातून उरलेल्या लाकडापासून मला बनवले. माझ्या खाचांत शब्दांचे पत्ते उभे राहतात. क्रियापदाचा पत्ता लाल. जर्मनमध्ये 'वाइल', म्हणजे 'कारण', आले की क्रियापद वाक्याच्या अगदी शेवटी जाते. 'देन' म्हणजेही 'कारण'च, पण त्याच्यामागे क्रियापद आपली नेहमीची दुसरी जागा सोडत नाही. लाल पत्ते हे नियम पाळतात. माणसांचे विचारू नका.

नवे वर्ष लागले की बाई प्रत्येकाकडून एक संकल्प जर्मनमध्ये पत्त्यांनी मांडून घेतात. सर्वांत निर्दोष वाक्य आठवडाभर माझ्यावर राहते. सतरा वर्षांत 'पहाटे उठणार' म्हणणारे मी ढिगाने पाहिले. वर्गाला उशिरा यायचे तेच. 'गोड सोडणार' म्हणणाऱ्या काकांच्या बिस्किटांनी माझ्या खाचांत मुंग्या झाल्या, तर काका म्हणतात, "छे, हा खडूचा चुरा!"

यंदा मान टेम्पोवाल्याला मिळाला. 'मी सिगारेट सोडणार आहे, कारण माझी मुलगी खोकते.' बाईंनी तोंडभर कौतुक केले. त्याच्या खिशातले पाकीट मला स्पष्ट दिसत होते.

वर्गातली सिस्टर ते वाक्य मन लावून उतरवून घेत होती. परदेशातल्या एका रुग्णालयाने तिच्यासाठी जागा राखली होती. पण भाषेच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती आणि ही शेवटची संधी होती. तोंडी परीक्षेत संकल्पावर बोलायचे होते.

"अगं, स्वतःचं काहीतरी बोल ना," बाई म्हणाल्या.

"माझं बोलले की चुकतं, बाई. हे कसं छान पाठ होतंय."

"घ्या, सिस्टर, खुशाल घ्या," टेम्पोवाला म्हणाला. "मी तरी कुठे वापरतोय!"

सगळे हसले. अशा हसण्याची मला किळस येते.

निकाल लागला त्या दिवशी सिस्टर माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसली.

"वाक्य एकदम बरोबर आलं. परीक्षक खूश झाले. मग विचारलं, मुलीला कोणतं औषध देता?"

"मग?"

"मग काय, बाई! मला मुलगी कुठली? मी इतकी वर्षं लोकांना औषधं देतेय, आणि एक नाव आठवेना."

"मुलगीही उसनी न्यायची होतीत," टेम्पोवाला म्हणाला. या वेळी कोणीच हसले नाही. जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली होती.

सिस्टरने उठून माझ्यावर नवे पत्ते लावले. 'मला आज घरी जायचं नाही, कारण सगळे विचारतील.' 'वाइल' असूनही लाल पत्ता मधल्याच खाचेत गेला होता. बाईंनी हात पुढे केला.

"राहू द्या, बाई. मीच हलवते."

तिने तो शेवटी नेला आणि मग वाक्य मोठ्याने वाचले. तेव्हा टेम्पोवाला आपल्या चपलांकडे बघत होता.

मित्रांनो, माझे पत्ते ओल्या हातांनी धरू नका, काम झाले की डब्यात ठेवा. मी लाकूड आहे. मागे माणूस असो वा नसो, कोणतेही वाक्य मी सारखेच ताठ उभे धरते. म्हणून माझ्यावरचे देखणे वाक्य उचलून घरी नेऊ नका. ज्याचे आहे, त्यालाही ते नको असते.