कापलेला पतंग

माझा नवरा शशिधर कोणाचंही ऐकत नाही. त्याच्या फुप्फुसातल्या गाठीचा रिपोर्ट सोमवारी यायचा होता, आणि हा माणूस बेलग्रेव्ह रोडवर भेटेल त्याला सांगत होता की हॉस्पिटलवाल्यांना दुसरे उद्योग नाहीत.

आमच्या शेजारच्या मिसेस चोई कोरियाच्या. चांद्र नववर्षानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला त्यांच्याकडे पतंग उडवतात, आणि उंच गेला की आपणच दोरा कापून टाकतात. पतंगावर ज्याचं नाव, त्याची वर्षभराची पीडा पतंगाबरोबर जाते. तो पतंग पुन्हा कोणी उचलायचा नसतो. मिसेस चोई पतंग स्वतः बनवतात, बांबूच्या कामट्या तासून, वर तुतीच्या सालीचा कागद डकवून आणि मधोमध वाटीएवढं भोक ठेवून. यंदा त्यांच्या किचनमध्ये बसून मीही कामट्या घासल्या. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्यांनी ब्रश हातात दिला तेव्हा मी शशिधरचं नाव लिहिलं, देवनागरीत, चांगलं ठसठशीत. घरी येऊन त्याला सगळं सांगितलं. तो फोनवर क्रिकेट बघत हं हं करत होता.

पौर्णिमेच्या दुपारी त्यालाही पार्कात ओढून नेलं. वारा छान होता. मिसेस चोईंनी पतंग चढवला आणि कात्री मला दिली. मी दोरा कापला. पतंग हेलकावे खात झाडांकडे निघाला, आणि कित्येक दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.

तेवढ्यात हा सुटला. नागपूरचाच तो, कटलेला पतंग दिसला की पाय जागेवर राहत नाहीत. मी मागून हाका मारल्या, तर त्याला वाटलं मी चेव आणतेय. कुंपण ओलांडून, धापा टाकत, पतंग डोक्यावर धरून विजयी वीर परत आला. म्हणाला, कोपरा फाटलाय, घरी टेप लावू. मिसेस चोईंनी मान फिरवली.

माझं डोकंच फिरलं. कुत्री फिरवायला आलेले लोक बघत होते, बघोत. इतके दिवस गिळलेली भीती रागावाटे बाहेर पडत होती.

"नाव वाच त्यावरचं," मी ओरडले. "तुझी पीडा होती ती. मी घालवली, आणि तू लुटून आणलीस."

त्याने वाचलं. काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. मग त्याने हळूच विचारलं, "दोरा उरलाय का?"

मिसेस चोईंनी रीळ दिलं. त्याने दोरा बांधला, पण वारा पडला होता. तो पळत राहिला आणि पतंग मागून गवतावर फरपटत राहिला. पुन्हा पळाला, पुन्हा तेच. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"शशी, बस झालं. थांब."

तो थांबला. एका हाकेत. लग्न झाल्यापासून कधी ऐकलं नव्हतं आणि आज ऐकलं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.