नाहीसा झालेला व्रण

"हात वर. अजून थोडा. श्वास सोडा आणि हलू नका," असं म्हणत फोटोबाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि तो तसाच लावून त्या थबकल्या.

व्रण नव्हता.

डाव्या खांद्याच्या हाडाखाली चार बोटं लांब, टाक्यांच्या खुणांनी दोन्हीकडून दातेरी झालेला व्रण तिथं असायला हवा होता. सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच दिव्याखाली त्यांनीच त्याचा फोटो काढला होता. तो फोटो आत्ताही शेजारच्या पडद्यावर होता. तोच निळा पडदा, कोपऱ्यात तीच नंबराची चिठ्ठी, आणि मधोमध व्रण. समोर मात्र स्वच्छ, सपाट कातडी. जणू कुणी हलक्या हातानं इस्त्री फिरवून गेलं होतं.

"देवा," त्या मनात म्हणाल्या, "माझे डोळे गेले की अक्कल?"

कातडीच्या आजारांच्या विभागातल्या या बिनखिडकीच्या खोलीत त्या बावीस वर्षं फोटो काढत होत्या. गजकर्ण, खरूज, इसब असल्या गोष्टी बाहेरच्या बाहेर मलमावर निपटत. इथं यायची ती एकदा कातडीचा कॅन्सर काढून झालेली माणसं, किंवा ज्यांच्या तिळाबद्दल डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली आहे अशी. दर सहा महिन्यांनी अंगावरचा एकेक तीळ टिपायचा आणि जुन्या फोटोशेजारी ठेवून बघायचा. वाढला का, रंग बदलला का, कड फाटली का. खोलीचे नियम दोनच. आधी चिठ्ठी, मग कातडी. आणि चेहरा फोटोत घ्यायचा नाही.

त्यामुळे फोटोबाई माणसं ओळखत ती पाठीवरून. रस्त्यात कुणी समोरून हसलं तर त्या गोंधळत. तोच माणूस पाठ फिरवून चार पावलं गेला की म्हणत, अरे, हा तर मानेवर दोन तीळवाला! माणूस देहाला जन्मभर माझा माझा म्हणतो, आणि त्यातला अर्धा त्यानं कधी पाहिलेलाही नसतो. तो अर्धा बाईंनी सांभाळून ठेवलेला असे, फायलींत, तारीखवार.

"मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, आधी डावा हात," पाठमोरी बाई म्हणाली. "म्हणून डावाच उचलला."

म्हणाल्या होत्या. व्रणवालीला. त्या वेळी खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं.

फोटोबाईंच्या अंगावर काटा आला. पण हाताला सवय होती. हात काम करत राहिला. पाठ, कंबर, दंड. जिथं तीळ हवा तिथं नाही, आणि जिथं नको तिथं आहे. अंगाला वास मात्र त्याच मलमाचा, व्रणवाली आली की दिवसभर खोलीत रेंगाळणारा.

मग डावी पोटरी आली, आणि बाई व्रण विसरल्या.

घोट्याच्या वर वीतभर अंतरावर तो होता. एका कडेला तपकिरी, मध्ये काळा, दुसऱ्या कडेला जुन्या मुक्या मारासारखा निळसर. कड सरळ नव्हे, कुरतडलेली. बाईंनी पट्टी शेजारी धरली. नऊ मिलिमीटर. भिंग लावलं तर आत राखाडी धुकं. निदान करणं त्यांचं काम नव्हतं. तुकडा काढून तपासल्याशिवाय डॉक्टरसुद्धा ठाम बोलत नसत. तरी त्यांनी पट्टीसकट आणखी दोन फोटो काढले.

"बसा हं. गाऊन ओढून घ्या. आलेच," म्हणून त्या दाराशी गेल्या.

दारावर नंबर पुकारणारे काका पेन्सिलीला टोक करत होते.

"या फोटोबाई! आमचाही काढा एखादा. पाठमोराच काढा. बायको म्हणते, मी जाताना बरा दिसतो."

"काका, आत सोडलीत ती कोण?"

"कार्डावर नाव आहे की. दर सहा महिन्यांनी येते. तोच करडा कोट, तीच पिशवी."

"तोंड बघितलंत?"

"चाळीस नंबर आहेत, बाई. तोंडं बघत बसलो तर संध्याकाळ होईल." मग काकांची पेन्सिल थांबली. "आता विचारताच आहात म्हणून सांगतो. या वेळी बाई जरा बुटकी झाल्यासारखी वाटली. म्हटलं, आजारानं माणूस खचतं."

फोटोबाई परत आत आल्या. ती बाई स्टुलावर बसून पडद्याकडे, त्या व्रणाकडे टक लावून बघत होती.

"व्रण कुठं गेला?" फोटोबाईंनी विचारलं.

"भरून आला."

"व्रण फिका होतो, बाई. पुसला जात नाही."

तिनं गाऊन खांद्यावर ओढून घेतला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तो ताईबरोबर गेला."

थोरली चार महिन्यांपूर्वी गेली होती. रोग आतून पसरला होता. दवाखान्याला कळवायचं कुणाला सुचलंच नाही, आणि कार्ड पिशवीत तसंच राहिलं. धाकटी इस्त्रीच्या दुकानात काम करायची. उभ्या उभ्या पाय अवघडला म्हणून एके दिवशी पोटरी चोळायला वाकली, तेव्हा तो तीळ दिसला.

"ताईचा पहिल्यांदा मीच बघितला होता. तेव्हा म्हटलं होतं, काही नाही गं, डास चावला असेल," ती म्हणाली. "म्हणून या वेळी लगेच नोंदणीच्या खिडकीवर गेले, तर नव्या कार्डाला तारीख अकरा महिन्यांनंतरची. आणि ताईच्या कार्डावरची तारीख तीन आठवड्यांवर. मग तिचा कोट घातला. तिचं मलमही लावलं. ती घरी येऊन सगळं सांगायची, इथं काय बोललं, कुठं उभं केलं. आज खिडकीवर तिचं नाव घेतलं ना, तर मीच ओ दिली. अशी पटकन दिली, की मलाच भीती वाटली."

"खरं नाव का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं तर परत अकरा महिने. राहू द्या ना तिच्याच नावावर. तिला काय फरक पडतोय? तुकडा काढा, तपासा. कुणाला कळणार आहे?"

फोटोबाई स्टूल ओढून समोर बसल्या. आज पहिल्यांदाच त्या पेशंटच्या तोंडासमोर बसत होत्या.

"ऐका. हा तुकडा तुमच्या ताईच्या नावानं गेला, तर तपासणारा आधी तिची फाईल उघडेल. तो म्हणेल, जुनाच रोग पायापर्यंत पसरला. पसरलेल्याचे उपचार वेगळे, बाई. तुमचं दुखणं नवं असेल, कदाचित वेळेत सापडलेलं असेल, तरी तुम्हाला ताईच्याच वाटेनं नेतील. तिचं दुखणं तुम्ही अंगावर घ्याल. ते तिलाही आवडणार नाही."

धाकटीनं गाऊनची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "मग अकरा महिने?"

"ते माझ्याकडे लागलं."

डॉक्टरीणबाई चहा गार करत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, पोटरीचा फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मागच्या दारानं कुणाला आणायचं नाही म्हणून तुम्हीच माझ्याशी भांडला होतात ना?"

"भांडले होते. आज हात जोडते."

"हात कसले जोडताय? थोरलीची वेळ आता रिकामी आहे. त्या वेळेत कुणालातरी बघायचंच. धाकटीला आत घ्या, आणि तुकडा काढायचा ट्रे लावायला सांगा."

फोटोबाईंनी कोरी चिठ्ठी घेतली. "नाव?"

धाकटीचे ओठ हलले. आधी ताईचंच नाव अर्धं बाहेर आलं. तिनं ते गिळलं आणि स्वतःचं सांगितलं, हळू, उसन्या आणलेल्या वस्तूसारखं. बाईंनी ते लिहिलं, चिठ्ठी पोटरीजवळ चिकटवली आणि सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा काढले. सकाळचे फोटो त्यांनी थोरलीच्या फायलीतून एकेक करून पुसले. शेवटचा पुसला आणि पडद्यावर पुन्हा व्रण दिसू लागला.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण पातळ, कातडीच्या वरच्या थरातच अडकलेला. अजून थोडी कड काढायची आणि मग दर तीन महिन्यांनी फोटो. डॉक्टरीणबाईंनी हे दोनदा सांगितलं. धाकटीनं दोन्ही वेळा मान हलवली आणि पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून फोटोबाईंच्या टेबलावर ठेवला. थोरलीच्या मृत्यूचा दाखला.

फोटोबाईंनी थोरलीची फाईल घेतली. या वेळच्या भेटीचा फॉर्म कोराच होता. वर त्यांनी 'मृत' लिहिलं, दाखल्यावरची तारीख उतरवली.

"वेळ पण लिहाल?" धाकटी म्हणाली. "दाखल्यावर नाहीये. सकाळी सव्वासात. मी पाणी आणायला उठले होते. पाचच मिनिटं, तेवढ्यात गेली."

फॉर्मवर वेळेला रकाना नव्हता. बाईंनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'मागच्या भेटीनंतर दिसलेल्या नव्या खुणा' या ओळीपुढं जागा मोकळी होती. त्यांनी तिथं पेन टेकवलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं:

सकाळी सव्वासात. धाकटी घरातच होती.