गाडी रुख्मिणीच्या नावावर

"मले 'समाजसेवक' तेवढंच वाचाले भेटलं," फुलवंता म्हणाली, तेव्हा रुख्मिणी पतिरामच्या मांडीला फळी बांधत होती.

"वरतं नाव होतं, मोठं. पन गाडी जोरात पळाली. खालचं तेवढं दिसलं. पांढरी गाडी होती. मांगच्या काचेवर वाघाचं तोंड."

"थांबली नाही?"

"थांबली ना. काच खाली केली त्यानं. काळा चष्मा होता. आमच्याकडं पाह्यलं आन् काच वर करून गेला."

रुख्मिणीने पट्टीची गाठ मारली. तिचे हात थांबले नाहीत, पण पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. या भागात काचेवर वाघ लावलेल्या गाड्या पुष्कळ होत्या. वाघाखाली स्वतःला समाजसेवक म्हणवून घेणारा एकच होता, आणि तो तिचा नवरा होता.

पतिराम सायकलवरून मोहफुलं घेऊन निघाला होता, फुलवंता मागून पायी येत होती. कोहमाऱ्याच्या अलीकडच्या वळणावर गाडीने त्याला उडवलं. पोतं फाटलं आणि फुलं रस्त्यावर पसरली. गावातल्या दोघांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून या आरोग्य उपकेंद्रात, रुख्मिणीकडे आणलं. त्याच्या कपड्यांना चिरडलेल्या मोहाचा गोड, आंबूस वास येत होता. तो वनखात्यात रोजंदारीवर जायचा. वणवा पसरू नये म्हणून जंगलात पट्टे साफ करायचे, असलं काम.

"सिस्टरबाई, पाय राहीन ना?" त्याने विचारलं.

"राहीन. हाड मोडलं आहे. गोंदियाले न्यावं लागन. गाडी बोलावली आहे."

"कोनाची गाडी होती थे?" फुलवंताने विचारलं. "तुमी एवढ्या गावांत फिरता. तुमाले ठावं असन."

"आधी याले दवाखान्यात पोचवू," रुख्मिणी म्हणाली.

फुलवंताने तिच्याकडे बघितलं. मग नवऱ्याच्या कानाशी वाकून गोंडीत काहीतरी बोलली. रुग्णवाहिका आली, स्ट्रेचर चढलं, दार लागलं. रुख्मिणीने हात धुतले, उपकेंद्र आशाताईंच्या हवाली केलं आणि नवऱ्याला फोन लावला.

"कुठं आहे?"

"कोहमाऱ्याले. थोडं काम होतं," यादोराव म्हणाला. मागे लोखंडावर पाना आपटल्याचा आवाज येत होता.

ती काळीपिवळी जीपमध्ये बसून निघाली.

वाघाची ती पांढरी गाडी रुख्मिणीनेच घेतली होती, जुनी, बिरसीच्या एका मास्तरांकडून, स्वतःच्या पगारातून. रात्री-अपरात्री बाळंतपणाला जावं लागतं, पावसाळ्यात वाहन मिळत नाही, म्हणून. गाडी शिकायचीही तिची इच्छा होती. पण यादोराव म्हणाला, "मी असताना तू चालवशीन? लोकं हासतीन मले." मग गाडी तोच चालवू लागला आणि बाळंतपणाला रुख्मिणी पुन्हा मिळेल त्या वाहनाने जाऊ लागली. कारण गाडी नेमकी तेव्हा कुठल्या तरी उद्घाटनाला गेलेली असे. महिनाभरात मागच्या काचेवर त्याचं नाव आलं.

त्याची समाजसेवा म्हणजे फोटोत उभं राहणं. कुठेही नारळ फुटत असला की हा हजर. मधे नाही, मधे त्याला कोणी येऊ देत नसे. काठावर, मान लांब करून. पांढरे बूट, काळा चष्मा, अंगावर अत्तर. लग्नाआधी तो शिक्षक होणार होता, लग्नानंतर ठेकेदार, आणि मग काहीच न जमल्यावर समाजसेवक झाला. त्यासाठी कुठली परीक्षा नव्हती.

कोहमाऱ्याच्या धाब्यामागे गॅरेज होतं. गाडी तिथे आडोशाला उभी होती. पुढचा एक लाइट काढून जमिनीवर ठेवलेला, फुटलेला. मेकॅनिक नवा बसवत होता. शेजारी खुर्चीवर चुन्नीलाल बसला होता, गोंदियाचा विमा एजंट. रुख्मिणीला बघून तो उठला. यादोराव उठला नाही.

"मानूस कसा आहे?" यादोरावने विचारलं.

"मांडीचं हाड मोडलं. तुमाले माहीत आहे म्हणजे."

"अवं, मी थांबूनच रायलो होतो. उचलनारच होतो त्याले. पन मंग ध्यानात आलं, विमा नाई ना."

"नाही म्हणजे? दिवाळीत पैसे देले होते मी. भरला म्हणाले होते तुमी."

यादोराव चुन्नीलालकडे बघू लागला, जणू हा प्रश्न त्याला विचारला होता.

"भाभीजी, मेरे पास पैसे आलेच नाहीत," चुन्नीलाल म्हणाला. "मी कितनी बार फोन केला. कंपनीचे मेसेज पण गेले. नंबर भाऊसाहेबांचा दिला आहे ना."

"बॅनरचं अर्जंट होतं," यादोराव म्हणाला. "साहेबाचा वाढदिवस होता. सगळ्याइचे बॅनर लागले होते चौकात, माया एकट्याचा नसता तर कसं दिसलं असतं? म्हटलं, विमा काय, भरू मंग. मंग रायून गेलं."

तो बॅनर तिला आठवला. पुढारी साहेबांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, आणि खालच्या कोपऱ्यात शुभेच्छुकांच्या गर्दीत यादोराव, पासपोर्टच्या फोटोएवढा. त्या फोटोएवढ्या जागेसाठी गाडीचा विमा गेला होता.

"म्हणजे विमा असता तर उचललं असतं?"

"मंग! मी का मानूस नोहो?"

हे त्याने अगदी मनापासून विचारलं. त्याला खरंच वाटत होतं की आपण बिनतोड बोललो. रुख्मिणीला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला नुसती किळस आली, जखमेत अळी दिसली की नवख्या माणसाला येते तशी. आणि ती नवखी नव्हती. बावीस वर्षं या माणसाबरोबर राहत होती.

चुन्नीलालने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "देखो भाभीजी, घाबरायचं काम नाही. पॉलिसी तुटली की सीधी रिन्यू होत नाही, गाडीचे फोटो पाठवावे लागतात, चारी बाजूने. लाइट बसला की मी फोटो घेतो. कल से पॉलिसी चालू. मग हादसा त्याच्यानंतरचा, येत्या परवाचा दाखवू. तुम्ही इतकंच बोलायचं, पेशंट माझ्याकडे त्याच तारखेला आला."

"तो आज गोंदियाले गेला. तिथं भरती झाला असन आतापर्यंत."

"वो मैं देख लूंगा. दवाखान्यात अपना आदमी आहे."

"आणि पतिराम? त्याची बायको?"

"त्याइले मी समजावतो," यादोराव म्हणाला. "जंगलातले लोकं, त्याइले तारीख-वार काय समजते? तांदळाचं एक पोतं देऊ. पाया पडतीन उलटे."

फुलवंताने धावत्या गाडीच्या काचेवरचा शब्द वाचला होता. रुख्मिणीने ते सांगितलं नाही. सांगून यादोरावला कळलं नसतं.

"आणि मी नाही म्हटलं तर?" तिने चुन्नीलालला विचारलं.

चुन्नीलालने खांदे उडवले. "मग कंपनी हात वर करणार. हादसा झाला तेव्हा पॉलिसी नव्हती, बात खतम. त्याचा इलाज, पायाची भरपाई, मजुरी बुडाली ती, कोर्ट जे बोलेल ते सगळं गाडीमालकाला भरावं लागतं. कंपनीच्या जागी मालक उभा."

"मालक म्हणजे?" यादोरावने घाईने विचारलं. "चालवनारा का?"

"केस तर तुमच्यावर होईल, भाऊ. पण पैसा जास्त करून मालकाकडून वसूल होतो. उनकी नौकरी है, पगार है. और गाडी तो भाभीजी के नाम पे है."

यादोरावच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. फार थोडा वेळ. लगेच त्याने चेहरा पुन्हा काळजीचा केला, पण रुख्मिणीने ते पाहिलं होतं. उन्हातून सावलीत आलेल्या माणसासारखा त्याचा श्वास सुटला होता.

त्यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"दादा," ती मेकॅनिकला म्हणाली, "तो नवीन लाइट काढा. जुना लावा."

"कोनता जुना?"

"फुटलेला."

मेकॅनिकने यादोरावकडे बघितलं, मग तिच्याकडे. "थे लावून काय फायदा, बाई?"

"गाडी ठाण्यात न्यायची आहे. जशी होती तशी."

"डोकं फिरलं का तुयं?" यादोराव उठला. खुर्ची मागे पडली. "ठाण्यात? लोकं काय म्हनतीन? मायं नाव आहे इकडं! चार मानसं नमस्कार करतेत मले!"

"करतीन अजून. त्याइले कुठं माहीत आहे."

"अवं, तुयाच पगारातून जाईन! मी तुयासाठीच बोलून रायलो!"

"माह्या पगारातूनच जाते सगळं," रुख्मिणी म्हणाली. "बॅनरपण त्यातूनच गेला. हे एक चांगल्या कामाले जाऊ द्या."

चुन्नीलाल हळूहळू आपली पिशवी गोळा करत होता. "भाभीजी, मैं तो सिर्फ रास्ता दिखा रहा था," तो म्हणाला, आणि गोंदियाची बस दिसल्यासारखा रस्त्याकडे निघाला. बस आलेली नव्हती.

मेकॅनिकने फुटका लाइट तारेने बांधला. तोच गाडी चालवायला बसला. रुख्मिणी पुढे बसली. तिने काच खाली केली.

"येत असान तर बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "नाही आले तरी नाव सांगनारच आहे मी."

यादोराव उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं. धाब्यावरचे दोन ट्रकवाले चहा पीत मजा बघत होते. त्याने चष्मा लावला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. ठाण्यापर्यंत तो बोलत होता. आपण साहेबांना फोन लावतो म्हणाला. लावलाही. साहेबांच्या माणसाने उचलला, कोण यादोराव म्हणून विचारलं, आणि मीटिंगमध्ये आहेत सांगून ठेवून दिला.

ठाण्यात रुख्मिणीने सांगितलं, गाडी माझी आहे, हे चालवत होते, जखमी आजच माझ्याकडे आला, विमा संपलेला आहे. हवालदाराने पेन थांबवून विचारलं, "बाई, विम्याचं तुम्ही स्वतःहून कायले सांगता? आम्ही विचारलंच असतं."

"मग आत्ताच लिहा," ती म्हणाली.

गाडी ठाण्याच्या आवारात लागली आणि तिथेच राहिली. सोडवायची तर भरपाईपोटी कोर्टात आधी तारण ठेवावं लागणार होतं. रुख्मिणीने गाडी सोडवली नाही. तेच पैसे तिने पतिरामच्या ऑपरेशनला लावले, भविष्यनिधीतून काढून. यादोराव घरी जेवायचा, आणि चौकात सांगायचा की बायकोनेच आपल्याला अडकवलं, फार शिकलेली बायको करू नये. त्याचा जामीनही तिनेच भरला होता, हे तो सांगत नसे.

ऑपरेशननंतर ती गोंदियाच्या दवाखान्यात डबा घेऊन गेली. पतिराम झोपला होता. फुलवंता खाटेखाली चादर अंथरून बसली होती. तिला तोवर सगळं कळलेलं होतं.

"मी तवाच विचारलं होतं, कोनाची गाडी," फुलवंता म्हणाली. "तवा काऊन नाई सांगतलं?"

रुख्मिणीने डबा खाटेजवळ ठेवला.

"ठाण्यात खरं सांगतलं म्हनतेत लोकं. बाई लय चांगली, म्हनतेत. आता मीपन म्हनू का चांगली?"

"नको म्हणू."

"डबा घेऊन जा. आपरेशनले लागलं थे लागलं. आता जे घ्यायचं थे मी कोर्टात घेईन, मोजून. तुमच्या हातचं नाई घेत."

रुख्मिणी डबा घेऊन परत आली. बसमध्ये तिला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. फुलवंताच्या बोलण्याने नव्हे. आपल्याशी कोणीतरी सरळ बोललं, याने.

दावा गोंदियाला चालला. पतिरामचा पाय जुळला, पण आखूड झाला. जंगलातलं काम सुटलं. ज्या दिवशी निकाल लागला, त्या दिवशी दर महिन्याला रुख्मिणीच्या पगारातून कापायचा आकडा ठरला. वकील तिला म्हणाले, "अपील करू. आकडा कमी होईल."

"नको," ती म्हणाली. "पाय कुठं कमी-जास्त होनार आहे."

यादोराव कोणाच्या तरी गाडीतून आला होता. कोर्टाच्या फाटकाशी त्याने तिला हाक मारली. "चल, एसी आहे. बसमधी कायले मरतेस?" गाडीतले लोक ओळखीचे होते, नवीन साहेबांचे. ती थांबली नाही.

बसस्टँडवर कोहमाऱ्याकडे जाणारी बस लागली होती. रुख्मिणीला दारामागची जागा मिळाली. बस सुटता सुटता पतिराम काठी टेकत चढला, मागे फुलवंता. बस खच्चून भरलेली होती. रुख्मिणी उठून उभी राहिली.

पतिरामने आधी बायकोकडे बघितलं. फुलवंता खिडकीबाहेर बघत होती. मग तो बसला. त्याचा पाय गुडघ्यात पुरता वाकत नव्हता. तो मधल्या वाटेत लांब राहिला.

गोरेगाव आलं. माणसं उतरू लागली, चढू लागली. डोक्यावर गाठोडी, हातात पिशव्या, कोणाचंच खाली लक्ष नाही. रुख्मिणी वाटेत आडवी उभी राहिली. "दादा, खाली पाय आहे," ती एकेकाला म्हणत होती. "बाई, जपून." एका म्हाताऱ्याची पेटी तिच्या पोटरीला लागली. तिने ती हाताने वर उचलून पलीकडे दिली.

फुलवंता रुख्मिणीने धरलेल्याच दांड्याला धरून उभी होती. पुढच्या गावात पुन्हा गर्दी चढली, तेव्हा तिने आपली पिशवी खांद्यावरून काढून रुख्मिणीच्या पायाशी ठेवली आणि मोकळ्या हाताने दुसऱ्या बाजूची माणसं थोपवली.

कोहमारा येईपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या, त्या पायाच्या दोन बाजूंना, एकमेकींकडे न बघता.