कागद न काढलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव तापट आहे. जन्मतः नव्हता. पण जिला चाकं देऊन तीन वर्षं भिंतीला टेकवून ठेवलं, तिचा स्वभाव आणखी कसा होणार?

माझा जन्म लांब उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. मालगाडीतून मी सुट्या भागांच्या रूपात इकडे आले आणि पिंपरीच्या एका दुकानात मिस्त्रीनं मला जोडलं. बावीस इंची, काळीभोर, मागे भक्कम कॅरियर, हँडलवर अशी घंटी की वाजवली तर म्हैससुद्धा बाजूला व्हावी. माझ्या दांड्यांवर खाकी कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. वाटेत रंगाला ओरखडा पडू नये म्हणून तो कागद असतो. घरी नेल्यावर तो काढायचा असतो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण ज्यांनी ठेवायला हवं होतं त्यांनी ठेवलं नाही.

मला विकत घेतलं एका कंपनीनं, बक्षीस म्हणून. साल एकाहत्तर. तिथे फौंड्रीत भिवा नावाचा कामगार होता, ताथवड्याचा. पाच वर्षांत त्याचा एकही खाडा नव्हता. अंगात ताप असो, घरात लग्न असो, हा आपला भोंग्याच्या आधी गेटवर. एकदा पवनेला पूर आला तेव्हा लांबच्या पुलावरून वळसा घालून आला, ओल्या हातानं कार्ड पंच केलं आणि मग शिंकला. तर कंपनीच्या वाढदिवशी मोठ्या साहेबांनी एक हार भिवाच्या गळ्यात घातला, दुसरा माझ्या हँडलला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मला वाटलं, बाई, भाग्य उजळलं. सहा मैलांवर घर, रोज जाऊन-येऊन बारा मैल. पळू आता.

भिवानं माझं हँडल धरलं आणि मला चालवत, म्हणजे हातानं ढकलत, सहा मैल नेलं. वाटेत जो तो विचारी, "का रं भिवा, बसत का न्हाईस?" भिवा सांगे, "नवी हाय. आजच कशापायी दमवायची?" लोक माना डोलवत. काय हो जपणूक, म्हणत.

खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. थेरगावच्या पुढं माळावर चिटपाखरू नाही असं बघून भिवानं माझ्यावर टांग टाकली होती. दुसऱ्या क्षणाला आम्ही दोघं बाभळीत. तो उठला, चहूकडे पाहिलं, आधी मला पुसलं, मग स्वतःच्या कोपरातला काटा काढला आणि पुन्हा हँडल धरून चालायला लागला. मित्रांनो, ज्याला सायकल बक्षीस मिळाली त्याला सायकल येतच नव्हती. आणि हारतुरे झाल्यावर, फोटो निघाल्यावर, ते सांगायचं तरी कुणाला?

मग त्यानं न सांगण्याचा उपाय काढला. माझी इज्जत वाढवली.

मला घरात घेतलं. बाहेर नाही, घरात, त्या फोटोच्या खाली. रविवारी रॉकेलच्या बोळ्यानं रिमा पुसायच्या, खोबरेल लावायचं. कागद तसाच. पोरांनी हात लावायचा नाही, पाहुण्यांनी लांबून बघायची. भिवा स्वतः मात्र डबा हातात घेऊन रोज पायी. त्याची बायको गिरजाबाई म्हणायची, घरात सायकल आणि नवऱ्याच्या टाचांना भेगा, हे बाई जगात कुठं बघितलं नाही. त्यावर भिवाची उत्तरं बदलत असत. कधी रस्त्याला काटे फार, कधी टायर झिजतील, कधी वारं उलटं आहे. वारं उलटं! घरात उभी राहून मी हे ऐकत होते. माझ्या मागच्या कॅरियरवर एक कोंबडी रोज बसायची. प्रवासाचं म्हणाल तर तेवढंच.

चौऱ्याहत्तर सालापर्यंत हे असं चाललं. त्या वर्षी भिवाची मुलगी कस्तुरा सातवी पास झाली, केंद्रात पहिली. गावातली शाळा सातवीला संपायची. पुढचं हायस्कूल चिंचवडला, साडेचार मैल. भिवानं तिचं नाव स्वतः जाऊन घातलं. पोरगी मॅट्रिक होणार, असं त्यानं गावात सांगूनही टाकलं. आता प्रश्न एकच उरला, जायचं कसं? सगळं घर त्याचा विचार करत माझ्यासमोर बसलं. माझ्यासमोर, मित्रांनो. तीन हातांवर. भिंतीनं सुद्धा मला डोळा मारला असेल.

कस्तुरानं एकदा माझ्याकडं बोट दाखवलं. भिवा म्हणाला, "ती कंपनीची इज्जत हाय. तिच्यावर दप्तर लटकवायचं न्हाई." विषय संपला.

मग सुरू झाली वाहनांची परीक्षा. आधी पाय. पायांविरुद्ध मला काही बोलायचं नाही. त्यांना कडबा नको, तेल नको, धूर नाही. पण साडेचार मैल जाऊन कस्तुरा दुसऱ्या तासाला बाकावर मान टाकायची, आणि चपलेचा अंगठा आठवड्यातून दोनदा तुटायचा. घाईत शिवायला चांभार थोडाच वाटेवर बसलाय?

मग मारुतरावांची बैलगाडी. ते भाजी घेऊन चिंचवडला जायचे. बैलगाडीही गुणी. धूर नाही, उलट मागे जे पडतं त्याच्या गोवऱ्या होतात. पण बैलांना प्रत्येक कुंपणाचा पाला चाखायचा असे आणि मारुतरावांना प्रत्येक ओळखीच्या माणसाची तंबाखू. ओळखी त्यांच्या पंचक्रोशीभर. कस्तुरा शाळेत पोचायची तेव्हा मुलं मधल्या सुट्टीचे डबे उघडत असत.

शेवटी दौलतरावांचा टेंपो. हे तीन चाकांचं प्रकरण आमच्याच दाराशी उभं राहायचं, म्हणून आमची रोज नजरानजर होई. एवढा खाकरणारा प्राणी मी दुसरा पाहिला नाही. सुरू झाला की गल्लीतली धुणी काळी. त्यात पेट्रोल महागलेलं, म्हणून पुरती माणसं भरल्याशिवाय दौलतराव हलत नसत. "बस की पोरी, आत्ता निघतो," म्हणायचे आणि बिडी पेटवायचे. आठ माणसं, दोन शेळ्या, दुधाचे कॅन. धावला तर वाऱ्यासारखा, पण धावणार कधी? आणि दोन थेंब तेलावर, पोटभर हवेवर धावणारी मी घरात कोंबडी सांभाळत होते. कुणाला काही बोलावं तर मला तोंड म्हणून एक घंटी.

पण कस्तुरा गप्प बसणारी नव्हती. भिवाची पहिली पाळी असली आणि शनिवारची अर्धी शाळा सुटली की ती मला उचलून मागच्या खळ्यात न्यायची. चाकांत हवा नव्हती. ती दौलतरावांकडून पंप मागून आणायची, फुटबॉलला पाहिजे म्हणून. गावात फुटबॉल कुणाकडे होता ते दौलतरावांनी कधी विचारलं नाही. पहिला आठवडा ती दांडीच्या खालून पाय घालून, कैची करून चालवायची आणि मला घेऊन कडब्याच्या गंजीत शिरायची. दुसऱ्या आठवड्यात गंज वाचली. तिसऱ्यात ती सीटवर बसली आणि आम्ही खळ्याला एकवीस फेऱ्या मारल्या. मित्रांनो, तीन वर्षांनी माझी चाकं गरम झाली. काय सांगू तुम्हाला!

फेऱ्या झाल्या की ती मला पुसायची, सुटलेला कागद खळीनं पुन्हा चिकटवायची आणि फोटोखाली उभी करायची. रविवारी भिवा बोळा फिरवताना म्हणायचा, घरात उभी राहून हिला एवढी माती कशी लागते? गिरजाबाई चुलीपाशी तोंड फिरवून सांगायची, कोंबडी उकरते.

म्हणजे पहा. बापाला येत नाही, हे तो लेकीपासून लपवतोय. लेकीला येतं, हे ती बापापासून लपवतेय. दोघांच्या मध्ये मी, दोघांची गुपितं पोटात घेऊन. डोकं पिकलं नसतं तर नवल.

इकडं शाळेत प्रभावतीबाई वर्गशिक्षिका होत्या. हजेरीच्या बाबतीत कडक. एका महिन्यात अकरा दिवस कस्तुराला उशीर झाला. बाईंनी चिठ्ठी दिली. उद्या अकराच्या आत वडिलांना घेऊन ये, उशीर झाला तर पटावरून नाव कमी होईल.

भिवाला तेव्हा दुसरी पाळी होती, तीन वाजता. रात्री त्यानं चिठ्ठी कस्तुराकडून दोनदा वाचून घेतली. ज्याच्या कार्डावर कधी लाल शेरा पडला नाही, त्याच्या लेकीला उशिराची चिठ्ठी. तो जेवला नाही. सकाळी कंपनीचे बूट घातले आणि दोघं साडेनऊला दौलतरावांच्या टेंपोत जाऊन बसली. दौलतरावांनी सांगितलं, आत्ता निघतो.

पावणेदहा झाले, दहा झाले. टेंपोत चार माणसं आणि एक शेळी. भिवा हात जोडून म्हणाला की आज निघा. दौलतरावांनी हँडल मारलं. टेंपो खाकरला, एक काळा ढग सोडला आणि गप्प झाला. मारुतरावांची गाडी पहाटेच गेलेली. पायी जायला दीड तास. सव्वादहा होत आले.

कस्तुरा टेंपोतून उतरली, घरात आली आणि तिनं मला बाहेर काढलं.

"हात लावू नगंस तिला," भिवा म्हणाला.

"मंग तुमी चालवा आबा. मी मागं बसते."

भिवानं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दौलतरावांची बिडी हातातच विझली. गिरजाबाई दारात आली होती, तिनं पदर तोंडाला लावला.

"मला येत न्हाई," भिवा म्हणाला. "तवाबी येत नव्हती. हार घालून घेतला आन सांगाया धीर झाला न्हाई. पडलो असतो तर गाव हसलं असतं. माझ्या बानं लई हसू सोसलंय, पोरी."

मी तीन वर्षं वाट पाहिली होती या वाक्याची. वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल. नाही वाटलं.

कस्तुरानं दप्तर त्याच्या गळ्यात अडकवलं.

"मला येती," ती म्हणाली. "बसा मागं."

दौलतरावांना तेव्हा फुटबॉलचा उलगडा झाला. पण ते हसले नाहीत, त्यांनी माझं कॅरियर धरलं आणि भिवा बसेपर्यंत सोडलं नाही.

आणि मी निघाले. पहिल्या पन्नास पावलांत मी तीनदा डुगडुगले. चौथ्यांदा नाही. गावाची चावडी आली. भिवाचा बाप या चावडीसमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्यायचा, हे गिरजाबाईनं कस्तुराला सांगितलं होतं तेव्हा मी ऐकलं होतं. चावडीवर पाच-सहा म्हातारे बसलेले. पोरगी सायकल चालवतेय आणि बाप मागे गळ्यात दप्तर घालून बसलाय, हे बघून त्यांची सुपारी कातरायची राहिली. एक जण काहीतरी बोलला, दुसरा हसला. भिवानं खाली, आपल्या पायांकडं पाहिलं. पायांत बूट होते, आणि पाय जमिनीला लागत नव्हते. मग त्यानं मान वर केली आणि हसणाऱ्याला रामराम घालतात तसा नुसता हात वर केला.

पवनेच्या पुलाला चढ आहे. तिथं भिवा न सांगता उतरला आणि मागून ढकलत पळाला. ढकलण्यात त्याच्याइतका अनुभव पंचक्रोशीत कुणाला नव्हता.

शाळेची घंटा झाली तेव्हा आम्ही फाटकाच्या आत होतो. प्रभावतीबाई पायरीवर उभ्या. भिवा घामानं निथळलेला. बाईंनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज आलात. उद्यापासून ही कशी येणार, ते सांगा."

भिवा माझ्यापाशी आला. वाकला. नखानं खाकी कागदाचं टोक सोडवलं आणि सगळ्या शाळेसमोर माझ्या दांडीवरून सालपट काढावं तसा टर्रकन ओढून काढला. एक दांडी, दुसरी दांडी, तिसरी. आत माझा रंग नवाकोरा होता. त्यानं कागदाचा बोळा खिशात घातला.

"हिच्यावर," तो म्हणाला, आणि कंपनीच्या वाटेला लागला. पायीच. पण मला आता त्याचा राग नव्हता.

पुढच्या रविवारी खळ्यात तो माझ्यावर बसला आणि लेकीनं मागून कॅरियर धरलं. कडब्याच्या गंजीत आम्ही किती वेळा शिरलो ते मी सांगणार नाही, बक्षीसवाल्या माणसाची लाज राखते. दिवाळीपर्यंत तो सरळ जायला शिकला. वळायला दिवाळीनंतर.

आता माझा रंग उडालाय, घंटी घशात बोलते, सीट दोनदा बदलली. टेंपो केव्हाच भंगारात गेला. कस्तुराचा मॅट्रिकपर्यंत एकही खाडा झाला नाही. शाळेनं तिला बक्षीस म्हणून खाकी कागदात गुंडाळलेलं जाड पुस्तक दिलं. घरी येईपर्यंत तिला धीर कुठला? कागद तिनं फाटकातच फाडला आणि पुस्तक माझ्या कॅरियरवर उघडं ठेवून तिथंच उभ्याउभ्या वाचायला लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीला टेकलेली माझी एखादी बहीण असेल. असेलच. तिला खोबरेल लावू नका, हार घालू नका, लांबून बघू नका. शेजाऱ्याचा पंप मागून आणा. कशाला म्हणून विचारलं तर यावेळी खरं सांगा.