दीक्षितपुऱ्यातला पहिला कम्प्युटर

व्हिडिओ गेम हा शब्द आमच्या घरात काढायची बंदी होती. माझा धाकटा भाऊ बंडू तो वर्षभर काढत होता आणि वर्षभर बोलणी खात होता. बाबांचं म्हणणं असं, की त्या खेळानं आधी पोराचे डोळे जातात, मग डोकं जातं आणि शेवटी पोरगंच हातातून जातं. हे त्यांना फॅक्टरीच्या बसमध्ये कोणीतरी सांगितलं होतं. बाबा जबलपूरच्या एका डिफेन्स फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. दिवसभर लोखंडाचे तुकडे मापून ते पास नाहीतर नापास करायचे. पण बसमध्ये ऐकलेली गोष्ट त्यांनी कधी मापून पाहिली नाही.

त्यामुळे दिवाळीच्या सुट्ट्यांत गणपतमामा, म्हणजे आईचा भाऊ, नागपूरहून भला मोठा खोका घेऊन आला, तेव्हा आधी त्यानं बाबांचा चेहरा पाहिला आणि मगच तोंड उघडलं.

"भाऊजी, पोरांसाठी कम्प्युटर आणला."

बाबांच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. कम्प्युटर तेव्हा बँकेत दिसायचा, तोही काचेच्या पलीकडे. मामानं खोका उघडला. आत टाइपरायटरसारखी बटणांची पाटी होती, वायरी होत्या, हातात धरायची दोन यंत्रं होती आणि एक पिवळी कॅसेट होती.

"आणि टीव्ही?" बाबांनी विचारलं.

"तो तुमच्याकडे आहेच. कम्प्युटरमध्ये टीव्हीच तर असतो, भाऊजी."

पिवळी कॅसेट घातली की पडद्यावर ए-बी-सी-डी टाइप करता यायची आणि बेरजा सोडवता यायच्या. बाबांनी मला बावीस अधिक सात विचारायला लावलं. एकोणतीस उत्तर आलं, तसे ते आईला म्हणाले, "पाहिलंस? बरोबर आहे." गणित बरोबर आहे याचा त्यांना इतका आनंद आम्ही सोडवल्यावर कधी झाला नव्हता.

मामानं बंडूला मागच्या गॅलरीत नेऊन त्याच्या हातात एक लाल कॅसेट कोंबली. "ही बाबांपुढे काढायची नाही," एवढंच तो म्हणाला. तिच्यात काय आहे हे बंडूला सांगावं लागलं नाही.

लक्ष्मीपूजनाला कम्प्युटर पाटावर बसला. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता पडल्या. त्यातली एक अक्षत एमच्या बटणाखाली गेली आणि तेव्हापासून एम दाबला की तीन-तीन उमटायचे. नंतर बाबांनी नियम केले. त्या खोलीत चपला घालून यायचं नाही. तिथं बसून शिंगाडे खायचे नाहीत. आणि कम्प्युटरला गर्मी सोसत नाही म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून चालू राहील. दिवाळीची थंडी पडली होती. आम्ही शाली पांघरून बसायचो आणि कम्प्युटर वारा खायचा.

"अहो, पोरीला शिंका येऊन राहिल्या," आई म्हणाली.

"तिला दुसऱ्या खोलीत बसव. मशीन काही उठून जाऊ शकत नाही."

भाऊबीजेपर्यंत बातमी दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या गल्लीभर झाली. खालच्या मजल्यावरचे घरमालक शुक्लाजी मुलाची जन्मवेळ घेऊन वर आले. "भाईसाहब, ज़रा कुंडली निकलवा दीजिए कम्प्यूटर से."

बाबा गंभीर झाले. "अभी सेटिंग चल रही है, शुक्लाजी."

हे उत्तर त्यांना फार आवडलं असावं. मग कोणी काहीही मागितलं तरी सेटिंगच चालू असायची. लोकही मान डोलावून परत जायचे. ज्या अर्थी इतके दिवस सेटिंग चालली आहे, त्या अर्थी मशीन मोठंच असणार.

खरी सेटिंग दुपारी व्हायची. बाबा फॅक्टरीच्या बसमध्ये चढले की बंडू लाल कॅसेट काढायचा. आई गॅलरीत मेथी निवडत गल्लीवर नजर ठेवायची आणि बाबा वळणावर दिसले की ओरडायची, "दूधवाला आला!" आम्ही कॅसेट बदलायचो. बाबा आत यायचे तेव्हा मी ए-बी-सी-डी टाइप करत असायची.

या खेळात आमच्याआधी पटाईत झाली ती विनताआत्या. बाबांची ही बहीण आमच्याकडेच राहायची आणि एका शाळेत शिकवायची. तिचं लग्न जमत नव्हतं. पुण्याचं एक स्थळ म्हणालं होतं, मुलीची मराठी हिंदीसारखी वाटते. जबलपूरचंच एक स्थळ म्हणालं, मुलगी जरा जास्तच मराठी आहे. त्या सुट्टीत आत्या मोकळी होती, आणि पोहे करून दाखवायचा तिला कंटाळा आला होता. एक रणगाड्यांचा गेम होता. विटांच्या भिंती फोडत शत्रूचे रणगाडे यायचे आणि आपण दोघांनी मिळून आपला किल्ला राखायचा. आत्या दात-ओठ खात खेळायची. "बंडू, डावीकडून! अरे, काहून मरून राहिला तू!" असं ती ओरडायची, तेव्हा वर्गातल्या पोरांनी तिला ओळखलं नसतं.

त्याच आठवड्यात बाबाराव आले. ते रेल्वेतून रिटायर झालेले, आणि गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आधी त्यांनी लांबूनच कम्प्युटरला नमस्कार केल्यासारखी मान लववली, मग बाबांना म्हणाले, "चंद्रशेखर, माझ्या साळीचा मुलगा आहे नागपूरला. श्रीरंग. मुलगा कम्प्युटरमध्ये आहे. तुमच्या घरी कम्प्युटर आहे. आता आणखी काय जुळायचं राहिलं?"

बाबांनाही पत्रिका पाहायची गरज वाटली नाही.

पाहुणे रविवारी आले. श्रीरंग उंच आणि अबोल होता. त्याची आई भानुमतीबाई बसल्याबरोबर म्हणाल्या, "आमचा श्रीरंग दिवसभर कम्प्युटरच्या खोलीतच असतो. साहेब लोक त्याला बाहेर येऊ देत नाहीत." आईनं खोव्याची जलेबी आणली. आत्या पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी. पण बाबांचा जीव जलेबीत नव्हता, आत्यातही नव्हता.

"पोहे होतील मागून. आधी आमचा कम्प्युटर पाहा."

रोज मशीन सुरू मी करायची. त्या दिवशी पाहुण्यांसमोर बाबांनी स्वतः बटण दाबायचं ठरवलं. मी बंडूकडे पाहिलं. बंडू भिंतीकडे पाहू लागला. तेव्हा मला समजलं, की लाल कॅसेट आतच आहे.

टीव्हीतून टिंव-टिंव-टिंव करत आनंदी सूर निघाले. पडद्यावर गेमची रंगीत यादी आली आणि तिच्याखाली दोन रणगाडे नाचू लागले. बाबांचं बोट बटणावरच राहिलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यात रंगच उरला नाही.

"हे काय करून राहिलं?" बाबारावांनी विचारलं.

श्रीरंगनं पडद्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग घसा साफ केला.

"चालू होताना तो स्वतःला तपासतो. अच्छा मशीन आहे. आमच्या ऑफिसात असा नाही."

बाबांनी श्वास सोडला. "आणि हे रणगाडे?" बाबाराव सोडेनात.

"हा..." श्रीरंग थोडा थांबला. "हा डिफेन्सचा प्रोग्राम दिसतो."

बाबारावांनी एकदम आवाज उतरवला. "चंद्रशेखर, तू बोलला नाहीस कधी."

बाबा काय बोलणार होते? ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा बाबारावांनी जो अर्थ काढायचा तो काढला.

श्रीरंगनं एक यंत्र हातात घेतलं. "हा दोघांनी चालवायचा असतो. दुसरं कोण चालवतं?"

आत्यानं ट्रे माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "द्या इकडे."

त्यानंतर पाऊण तास मुलगी पाहण्याचा कार्यक्रम जागच्या जागी राहिला. श्रीरंग वरची बाजू सांभाळत होता, आत्या खालची. तो दोनदा मेला, ती एकदाही नाही. "तुम्ही भिंतीमागे काहून लपून राहिले?" ती ओरडली. "किल्ला उघडा पडला ना!" तो म्हणाला, "हो हो, आलो!" भानुमतीबाई कौतुकानं पाहत होत्या. मुलाला त्याच्या कामात साथ देणारी मुलगी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. पोहे पार गार झाले.

पाहुणे बाबारावांकडे मुक्कामाला गेल्यावर आम्ही माराची वाट पाहत बसलो. पण बाबा आले आणि फक्त पडदा पुसून गेले. इतक्या शिकलेल्या मुलानं डिफेन्सचा प्रोग्राम म्हटलं होतं. बाबांनी ते पास करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलता यावं म्हणून त्यांना नर्मदेवर भेडाघाटला पाठवलं. सोबतीला मी आणि बंडू. घाटाच्या पायऱ्यांवर उकडलेले शिंगाडे सोलता सोलता आत्यानं विचारलं, "तुम्ही काल खोटं काहून बोलले?"

"तुमच्या दादांचा चेहरा पाहिला," श्रीरंग म्हणाला. "आणि मला कोणत्या तोंडानं खरं बोलता येणार होतं? मी कम्प्युटरमध्ये आहे म्हणजे कम्प्युटरच्या खोलीत आहे. तिथला एसी मी सांभाळतो."

"एसी?"

"त्याला गर्मी चालत नाही ना. मी एसी चालू-बंद करतो, बिघडला तर दुरुस्त करतो. कम्प्युटरला हात लावायची मला परवानगी नाही. आई सगळ्यांना कम्प्युटर सांगत फिरते. मी दोनदा सांगून पाहिलं, तिला ऐकूच आलं नाही."

आत्या इतकी हसली की बाजूला संगमरवराचे गणपती विकणारा माणूस वळून पाहू लागला. मग शिंगाड्याचा एक सोललेला तुकडा तिनं त्याच्यापुढे धरला. घरी परतल्यावर ती आईला म्हणाली, "वहिनी, दादाला हो म्हणून सांगून दे. आणि मुलगा कम्प्युटरमध्येच आहे. काही विचारू नको म्हणावं."

इकडे बाबाराव स्वस्थ बसले नव्हते. चंद्रशेखरच्या घरी रणगाड्यांचा गुप्त प्रोग्राम चालतो, ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, अशी ताकीद देऊन त्यांनी ती मंडळाच्या प्रत्येक माणसाला एकेकट्याला सांगितली. मंडळातले निम्मे लोक कोणत्या ना कोणत्या फॅक्टरीत होते. आठवड्याभरात बाबांना सिक्युरिटीच्या साहेबांचं बोलावणं आलं, आणि त्याच संध्याकाळी साहेब एका शिपायाला घेऊन आमच्या घरी हजर झाले.

"मशीन दिखाइए."

बाबांनी मशीन सुरू केलं. साहेबांनी चष्मा पुसला. टिंव-टिंव ऐकून त्यांना सगळं समजलं, हे त्यांच्या मिशीखालच्या हसण्यावरून मलासुद्धा दिसलं. त्यांनी एक यंत्र उचललं. शिपाई दाराशी ताठ उभा राहिला. साहेबांनी एक फेरी खेळली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीत बंडूनं न राहवून सांगितलं, "अंकल, कोने से मारिए." साहेबांनी कोपऱ्यातून मारलं आणि पुढच्या पातळीवर गेले.

मग ते उठले. चेहरा पुन्हा सरकारी झाला.

"मामला गंभीर है. जाँच के लिए ले जाना पड़ेगा."

"जी," बाबा म्हणाले.

शिपायानं पाटी, वायरी, दोन्ही यंत्रं गोळा केली. पिवळी कॅसेट बाबांनी आपण होऊन पुढे केली. "इसकी ज़रूरत नहीं," साहेब म्हणाले आणि कॅसेट फक्त लाल नेली.

बंडू त्या रात्री जेवला नाही. गल्लीत मात्र बाबांचा मान एवढा वाढला, की शुक्लाजींनी मुलाच्या कुंडलीचा विषय कायमचा सोडला. सरकारनं ज्याचं मशीन नेलं, त्या माणसाला अशी किरकोळ कामं कशी सांगायची? कोणी विचारलंच तर बाबा म्हणायचे, "वर गेलं आहे. दिल्लीपर्यंत जाईल." सुट्ट्या संपल्या, शाळा लागली. बंडू रोज विचारायचा आणि बाबा रोज दिल्ली सांगायचे.

लग्न उन्हाळ्यात ठरलं. पत्रिका वाटायला बाबा मलाही सोबत न्यायचे. साहेबांच्या बंगल्यावर आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशीच मला ते सूर ऐकू आले. खिडकीतून साहेबांची दोन मुलं दिसत होती, एकमेकांना ढकलत, पडद्याला नाक लावून. साहेब बाहेर आले, पत्रिका घेतली, बाबांच्या नजरेचा रोख पाहिला आणि म्हणाले, "जाँच अभी चल रही है."

"जी, ठीक है," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, पाणी प्यायले आणि गॅलरीत बसलेल्या बंडूजवळ जाऊन बसले.

"तो गेमच होता ना रे?"

बंडू घाबरून माझ्याकडे पाहू लागला. मी होकाराची मान हलवली. "हो," तो म्हणाला.

बाबा त्याच्या आणखी जवळ सरकले. "चांगला होता?"

"लय चांगला होता, बाबा."

"काय करायचं असायचं त्यात?"

बंडूनं आधी अंदाज घेतला, की मार तर नाही ना पडायचा. मग हळूहळू सांगू लागला. शत्रू कुठून येतात, विटा कशा फुटतात, लोखंडी भिंत का फुटत नाही, आत्या किल्ला कसा राखायची. बाबा मध्येच थांबवून नीट विचारत होते, फॅक्टरीत विचारत असतील तसं.

"थांब. लोखंडी भिंत फोडायला काहीतरी असेलच."

"असते ना! तारा मिळाला की जोर वाढतो."

"किती तारे?"

आईनं आतून जेवायला हाक मारली. "आलो," बाबा म्हणाले, आणि बंडूकडे वळून विचारलं, "हां, मग?"