मिलूद, दूध उतू चाललंय

"माझ्या गाण्यातला शब्दन् शब्द माझ्या काळजातून आलाय. एक जरी दुसऱ्याचा निघाला, तर ज्याचा असेल त्यानं येऊन ही मिशी उपटावी!"

गायक शेब लखदर हे सोमवारी अल्जीरियात, ओरानच्या रेडिओवर बोलला. तिथल्या बाईनं विचारलं, तुझ्या या गाजलेल्या गाण्याच्या मधोमध एकदम "मिलूद, दूध उतू चाललंय, गॅस बंद कर" असं का येतं? लखदर उसासा टाकून म्हणाला, मिलूद म्हणजे प्रत्येक प्रेमी आणि दूध म्हणजे तारुण्य. गॅसबद्दल मात्र आत्ता बोलवत नाही. बाईला रडू आलं.

गुरुवारी दुपारी आमचं एका लग्नात गाणं होतं. मी कादा. लखदरच्या शेजारी उभं राहून ओरडणं हे माझं काम. पाहुणा हातात नोट देतो, कानात निरोप सांगतो, मी गाणं थांबवून माइकवर पुकारतो: अमक्याकडून तमक्याला सलाम! नोट घेतली की निरोपातलं अक्षर बदलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम.

लखदरनं ते गाणं सुरू केलं, हॉल नाचायला उठला. पुढच्याच टेबलावरच्या एका म्हातारीनं मला बोटानं बोलावलं, नोट दिली. मी पुकारलं, "हज्जा यमीनाकडून शेब लखदरला सलाम! दूध बकरीचं होतं!"

लोक हसले. लखदरनं हात हलवला.

दुसरी नोट आली. "हज्जा यमीनाकडून! गाणं मी रचलं, माझ्या सुनेच्या मेंदीला म्हटलं, आणि मध्येच पोराला हाक मारली, कारण दूध खरंच उतू चाललं होतं!"

ओरडून झाल्यावर मला कळलं मी काय ओरडलो ते. लखदरनं माइक पाठीमागे लपवला.

"कुठून आणलंस रे हे?" मी त्याच्या कानात विचारलं.

"बहिणीच्या फोनवर होतं. बायकांच्या कार्यक्रमातलं. वाटलं जुनं आहे, कोणाचंच नसेल."

"आणि गॅस?"

"वल्लाह कादा, मला वाटलं काव्य आहे!"

तिसरी नोट द्यायला हज्जानं पोराला, म्हणजे मिलूदलाच, पाठवलं. मिलूद बंदरावर जहाजांचे साखळदंड ओढतो. तो खुर्चीवरून उठला तेव्हा टेबलही थोडं उठलं. निरोप चारच शब्दांचा होता. "मिलूदकडून! मिशी घ्यायला आलोय!"

लखदरनं दाराकडे पाहिलं. दाराशी मिलूदचे दोन मामेभाऊ लिंबाचं सरबत पीत उभे होते. मिलूदहून जाडच.

"भाऊ, ऐकून तर घे," लखदर म्हणाला.

"दीड महिना ऐकतोय," मिलूद मंचावर चढत म्हणाला. "बंदरावर मला दूध म्हणतात. परवा कप्तानानं विचारलं, गॅस बंद केलास का." आणि त्यानं लखदरच्या मिशीचं एक टोक चिमटीत धरलं.

खालून हज्जा ओरडली, "थांब रे मिलूद! त्याला एक संधी दे. पोरा, एक तरी गाणं तुझं स्वतःचं म्हण. म्हटलंस तर मिशी तुझी."

लखदरनं एक चाल धरली.

"ए, ही माझी आहे!" मागून कीबोर्डवाला हबीब म्हणाला.

मिलूदनं चिमूट घट्ट केली. लखदरनं दुसरी चाल धरली.

"ही माझ्या मामाची," ढोलवाला म्हणाला. "तो आलाय. तो बघ, करंतिका खातोय."

लखदरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही, कारण तिसऱ्या खेपेला त्याच्या ओरडणाऱ्यालाही सोडतील असं मला वाटत नव्हतं. आणि मग लखदरच्या तोंडून काहीतरी निघालं. आवाज कापत होता, ताल पडत उठत होता, शब्द म्हणजे नुसती गयावया: मला घरी जाऊ द्या, माझी आई वाट बघते, मिलूदभाऊ मिशी सोड, दुखतंय. असलं गाणं ओरानमध्ये आधी कोणी ऐकलं नव्हतं. नवरीच्या मावश्या खुर्च्यांवर चढून नाचल्या.

हज्जानं शेवटपर्यंत ऐकलं. "हे मात्र तुझंच," ती म्हणाली. "सोड त्याला. पण माझ्या गाण्याला इथून पुढं माझं नाव लावायचं." लखदरनं स्वतःच्या खिशातून नोट काढून माझ्या हातात दिली आणि मी पुकारलं, "गाणं हज्जा यमीनाचं! दूधही तिचंच!" मिशी बहुतेक सगळी वाचली.

बाहेर लखदर मला मिठी मारून रडला. म्हणाला, "कादा, आयुष्यातलं पहिलं गाणं! उद्या जाऊन माझ्या नावावर नोंदवतो." दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा वार, नोंदणीचं कार्यालय बंद. शनिवारीही बंद. रविवारी उघडलं, पण लखदरच्या आधी हबीब पोचला.

सोमवारी कीबोर्डवाला हबीब रेडिओवर होता. नवं गाणं वाजलं, "मिलूदभाऊ मिशी सोड" सकट. बाईनं अर्थ विचारला. हबीब म्हणाला, मिशी म्हणजे माणसाचा स्वाभिमान.

मिलूदला त्या दिवशी सुट्टी होती, आणि घरात रेडिओ चालू होता.